‘पोपशाही’, ‘पवित्र पीठ’ आणि ‘रोमन कुरिया’ : परिभाषा प्रकल्पाच्या नोंदी

१२ मे २०२५

जागतिक धर्मसंस्थांच्या मराठी परिभाषेचे काम आज पुन्हा हाती घेतले. २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले, ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि या अडीच आठवड्यांत मराठीत कॅथलिक चर्चच्या कारभाराविषयी जितके लिहिले गेले तितके एरवी वर्षभरातही लिहिले जात नाही. ते वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. पोपचे पद, पोपचा कार्यकाळ, पोपच्या नावाने चालणारी प्रशासकीय यंत्रणा आणि पोप ज्याचे राष्ट्रप्रमुख आहेत ते छोटे राज्य या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मात्र त्या ‘व्हॅटिकन’ या एका शब्दात कोंबल्या जातात, किंवा लेखकाला थोडा आवेश चढला की ‘पोपशाही’ या शब्दात.

इंग्रजीतला ‘पेपसी’ हा शब्दही यांतले पहिले दोन अर्थ एकत्र वाहतो आणि प्रसंगी तिसराही ओढून घेतो. त्याला एकच मराठी प्रतिशब्द शोधण्याचा माझा मागच्या वर्षीचा प्रयत्न म्हणूनच फसला. आता उलट दिशेने जायचे ठरवले आहे. आधी गोष्टी वेगळ्या करायच्या आणि मग प्रत्येकीला तिचे नाव द्यायचे.

पहिला धागा मूळ लॅटिन शब्दातच सापडतो. ‘पापातुस’ हा शब्द अकराव्या शतकात घडवला गेला तो ‘एपिस्कोपातुस’, म्हणजे बिशपपद, या शब्दाच्या धर्तीवर. घडवणाऱ्यांना सांगायचे होते ते इतकेच, की रोमच्या बिशपाचे पद इतर बिशपांच्या पदाहून वरचे आहे. तेव्हा ‘पोपपद’ हा साधा मराठी शब्द मूळ शब्दाच्या घडणीशी तंतोतंत जुळतो. मागच्या वर्षी मी तो फार साधा म्हणून बाजूला ठेवला होता. आज तो पहिल्या जागी आणला.

१७ मे २०२५

आजचा दिवस ‘पोपशाही’ला दिला.

मराठीतला ‘शाही’ हा प्रत्यय फारसीतून आला आणि आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही या नावांनी आपल्या कानांत पक्का बसला. तिथे तो एका घराण्याची सत्ता सांगतो. पुढे याच प्रत्ययाने लोकशाही, नोकरशाही, भांडवलशाही, हुकूमशाही, झुंडशाही, घराणेशाही असे शब्द घडवले. यांतला ‘लोकशाही’ आदराने उच्चारला जातो. बाकीच्यांपैकी बहुतेक शब्द उच्चारणाऱ्याचा कल आधीच सांगून टाकतात. ‘पोपशाही’ याच दुसऱ्या रांगेत बसतो. तो वाचणाऱ्याच्या मनात वर्णनाच्या आधी निवाडा झालेला असतो, आणि कोशातल्या मुख्य शब्दाने तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थाच्या बाजूनेही अडचण आहे. शाही म्हटले की वारसा आला. पोपपदाला वारसा नाही. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी निवडीचा मुख्य अधिकार कार्डिनलांकडे, म्हणजे पोपनंतरच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे, दिला. व्हितेर्बो येथे १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षे निवड रखडल्यानंतर पोप ग्रेगरी दहावे यांनी १२७४ मध्ये कार्डिनलांना कुलूपबंद करून मतदान घेण्याचा नियम केला. आणि ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलांना मताधिकार नसावा हे पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये ठरवले. या महिन्यात १३३ कार्डिनलांनी मतदान केले आणि दोन तृतीयांश मतांची अट कायम होती. पण निवड झाल्यावर जी सत्ता हाती येते ती कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, १९८३ च्या संहितेत (कलम ३३१) सर्वोच्च, पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक अशा चार विशेषणांनी वर्णिली आहे, आणि ती वापरण्यासाठी पोपना कोणाची संमती लागत नाही. निवडीने येणारे आणि तरीही अनिर्बंध असे हे पद आहे. ‘शाही’ने त्याचा उत्तरार्ध सांगितला जातो, पूर्वार्ध झाकला जातो.

एका ठिकाणी मात्र ‘पोपशाही’ शब्द नेमका बसतो. आठव्या शतकापासून १८७० पर्यंत मध्य इटलीतल्या मोठ्या प्रदेशावर पोप राजा म्हणून राज्य करीत होते. तिथे करवसुली होती, सैन्य होते, तुरुंग होते. त्या राजवटीला कोणी ‘पोपशाही’ म्हटले तर त्यात अन्याय नाही. तरीही ‘पोपचे राज्य’ हे अधिक स्वच्छ वाटते.

२४ मे २०२५

‘पोप’ या शब्दाला आपल्याकडे जो कडवटपणा चिकटला, त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आज नोंदवून ठेवतो, कारण कोशाच्या वाचकाला ते माहीत असायला हवे. मुंबईत १८७५ मध्ये आर्य समाजाची स्थापना करणाऱ्या स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थ प्रकाश’मध्ये ‘पोप’ हा शब्द रोमच्या बिशपासाठी न वापरता लबाडीने लोकांना नाडणाऱ्या पुरोहितांसाठी वापरला, आणि मूळ अर्थ ‘पिता’ असा असला तरी आता त्याचा अर्थ असा झाला आहे असे सांगूनच वापरला. तिथूनच ‘पोपलीला’ हा शब्द वादविवादांत रुळला. म्हणजे आपल्या देशात हा शब्द पदनाम म्हणून जितका आला तितकाच शस्त्र म्हणूनही आला.

इंग्रजीतही हेच झाले होते. १५३४ मध्ये इंग्लंडच्या राजाने स्वतःला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवल्यानंतर रोमशी निष्ठा ठेवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी तुच्छतेचे शब्द घडवले गेले, आणि तीन शतके ते कायद्यांतही वावरले. अशा जुन्या वादग्रंथांचा अनुवाद करणाऱ्याने ‘पोपशाही’ अवश्य वापरावा. तिथे मूळ लेखकाला निंदाच अभिप्रेत आहे आणि अनुवादाने ती सौम्य करू नये.

निर्णय : ‘पोपशाही’ कोशात राहील, पण ‘टीकात्मक’ अशा शेऱ्यासह, आणि तिथून ‘पोपपद’ व ‘पवित्र पीठ’ (इंग्रजीतले ‘होली सी’) यांकडे निर्देश केला जाईल.

२ जून २०२५

‘होली सी’साठी आठ दिवस खर्च झाले, आणि ते योग्य कामी लागले असे वाटते.

‘सी’ हा शब्द लॅटिन ‘सेदेस’, म्हणजे आसन, यावरून आला. पोर्तुगीज भाषेत त्याचे रूप ‘से’ होते. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल पाहिलेल्या हजारो मराठी माणसांनी हा शब्द उच्चारलेला आहे. तिथले ‘से’ म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांचे आसन, आणि ‘होली सी’मधले आसन रोमच्या बिशपांचे. मागच्या मसुद्यात मी हा संबंध दिला नव्हता. तो दिल्याने एक परकी संज्ञा आपल्या ओळखीच्या दगडी भिंतींपाशी येऊन थांबते.

मराठीत आसनासाठी आणि त्यामागच्या अधिकारासाठी तीन शब्द समोर होते. ‘गादी’ हा सर्वांत जिवंत. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी असे आपण सहज म्हणतो, ‘गादीवर बसला’ म्हणताच सत्ता हाती आल्याचे कळते, आणि गादी रिकामीही राहते. पण गादीला घराण्याचा वास आहे, आणि ‘पवित्र गादी’ म्हटल्यावर वाक्याचा तोल जातो. ‘आसन’ शब्दात वस्तू दिसते, संस्था दिसत नाही. ‘पीठ’ मात्र दोन्ही पेलतो. शंकराचार्यांचे पीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, पीठासीन अधिकारी, विद्यापीठ या सर्व शब्दांत बसण्याची जागा आणि तिथून चालणारा अधिकार एकत्र नांदतात. ‘सेदेस’चेही नेमके हेच झाले. म्हणून ‘पवित्र पीठ’, आणि पर्याय म्हणून कॅनन संहितेतल्या दुसऱ्या नावाचे भाषांतर ‘प्रेषितीय पीठ’. पोपच्या मृत्यूपासून किंवा राजीनाम्यापासून नव्या निवडीपर्यंतच्या काळाला ‘रिक्तपीठ’ हा शब्दही यातून आपोआप मिळाला. त्या काळात काहीही नवे करू नये असे कलम ३३५ सांगते.

आता अर्थाकडे. कलम ३६१ म्हणते, की संहितेत ‘प्रेषितीय पीठ’ किंवा ‘पवित्र पीठ’ असे येईल तिथे केवळ पोप नव्हे, तर राज्यसचिवालय आणि रोमन कुरियातल्या, म्हणजे पोपच्या प्रशासकीय यंत्रणेतल्या, इतर संस्थाही समजाव्यात. विषयाच्या स्वरूपावरून किंवा संदर्भावरून वेगळे दिसत असेल तर गोष्ट निराळी. ही शेवटची अट कोशकाराने कधीही विसरू नये. ‘पवित्र पीठाने मान्यता दिली’ या वाक्यात स्वतः पोपनी सही केली असेल किंवा एखाद्या विभागाने आपल्या अधिकारात ते केले असेल. शब्दावरून ते कळत नाही, संदर्भ पाहावा लागतो.

आणि पवित्र पीठ म्हणजे व्हॅटिकन नव्हे. हा गोंधळ मी स्वतः पहिल्या मसुद्यात केला होता. आज तो परिच्छेद पूर्ण खोडला. व्हॅटिकन नगरराज्य ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन कराराने जन्माला आले. त्याचे क्षेत्रफळ ४४ हेक्टर. त्याआधी, २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतल्यापासून १९२९ पर्यंत, पोपच्या हाती सार्वभौम अशी भूमी नव्हती, तरीही पवित्र पीठ राजदूत पाठवीत आणि स्वीकारीत होते. १८८५ मध्ये कॅरोलाइन बेटांवरून जर्मनी आणि स्पेन यांच्यात वाद झाला तेव्हा मध्यस्थी पोप लिओ तेरावे यांनी केली. भूमी नसतानाही जे टिकले ते पीठ. नगरराज्य हे त्या पीठाला कोणाच्या दबावाखाली राहावे लागू नये म्हणून दिलेले अंगण आहे. संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून कायम निरीक्षक आहे ते पवित्र पीठ, आणि भारताचे राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत तेही पवित्र पीठाशी. किंबहुना रोमचे बिशप या नात्याने पोपचे प्रत्यक्ष आसन ज्या कॅथेड्रलमध्ये आहे, ते लॅटरन येथील सेंट जॉनचे मंदिर नगरराज्याच्या हद्दीत नाहीच. ते रोम शहरात, इटलीच्या भूमीवर आहे.

९ जून २०२५

वसईतल्या एका निवृत्त शिक्षिकेशी दूरध्वनीवर बोललो. तिथल्या मराठी ख्रिस्ती समाजात धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश), धर्मग्राम (एका चर्चचा परिसर), महागुरुस्वामी (बिशप), परमगुरुस्वामी (पोप) हे शब्द रुळलेले आहेत, आणि विद्यापीठीय परिभाषा घडवणारे त्यांच्याकडे पाहतही नाहीत याची बाईंना खंत आहे. ती मला पूर्णपणे पटली. जे लोक या संस्थेत जन्मतात आणि मराठीत प्रार्थना करतात, त्यांचे शब्द कोशात पहिल्या रांगेत हवेत. कोकणीतला ‘पाप सायब’ही नोंदवला, तिथला ‘पाप’ पोर्तुगीज ‘पापा’वरून, म्हणजे पित्यावरून आलेला आहे, हे मराठी वाचकासाठी स्पष्ट लिहिले पाहिजे.

बोलण्याच्या ओघात मी ‘कुरिया’चा अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे कुरिया म्हणजे लिजन ऑफ मेरीची वरची सभा. तुम्हाला ती रोमची म्हणायची असेल तर रोमची असं लिहा, नाहीतर गावातल्या माणसाला ती रविवारची बैठकच वाटेल.”

१८ जून २०२५

बाईंच्या त्या एका वाक्यामुळे कुरियाची नोंद तीन भागांत करावी लागली.

प्राचीन रोममध्ये कुरिया म्हणजे नागरिकांचा एक गट. असे तीस गट मानले जात. पुढे सिनेटच्या सभागृहालाही हेच नाव पडले आणि ज्युलियस सीझरच्या नावाचे ते सभागृह रोमच्या फोरममध्ये आजही उभे आहे. मध्ययुगात कुरिया म्हणजे राजाचा दरबार झाला आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस पोपच्या दरबाराला ‘रोमन कुरिया’ म्हटले जाऊ लागले. ‘दरबार’ हा मराठी शब्द त्या काळापुरता योग्य आहे. पण २२ जानेवारी १५८८ रोजी पोप सिक्स्टस पाचवे यांनी कार्डिनलांच्या पंधरा कायम समित्या नेमल्या, त्या दिवसापासून ते नाव अपुरे पडते. दरबारात माणसे जमतात, बोलतात आणि राजा ठरवतो. इथे विषय वाटले गेले, कागदपत्रे ठरल्या टेबलावर जाऊ लागली आणि निर्णयांची परंपरा साठू लागली. आधुनिक युरोपीय राज्यांत खाती ज्या रीतीने उभी राहिली, तिचा हा एक फार लवकरचा नमुना आहे, आणि राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरच्या मोठ्या पुनर्रचना १९०८, १९६७, १९८८ आणि २०२२ मधल्या. शेवटची पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०२२ रोजी जाहीर केली आणि ती ५ जूनला अमलात आली. तिचा आराखडा ज्या कार्डिनल मंडळाने केला, त्यात मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशिअस होते. या पुनर्रचनेने जुन्या समित्या आणि परिषदा मोडून सोळा ‘डिकॅस्टरी’ केल्या. ग्रीकमध्ये ‘दिकास्तेरिओन’ म्हणजे न्यायसभा. पण आजच्या अर्थाने मराठीत ‘विभाग’ पुरेसा आहे. ‘मंत्रालय’ लिहू नये, कारण मंत्री सभागृहाला उत्तरदायी असतो आणि इथे तसे सभागृह नाही. राज्यसचिवालय, विभाग, न्यायासने आणि आर्थिक संस्था मिळून कुरिया होते, आणि ती जे करते ते पोपच्या नावाने आणि पोपच्या अधिकाराने करते, असे कलम ३६० सांगते.

हे अवलंबित्व किती खरे आहे ते नुकतेच दिसले. पोपच्या मृत्यूबरोबर विभागप्रमुखांचे पद संपते. थोडेच अधिकारी अपवाद म्हणून राहतात. निवडीच्या दुसऱ्याच दिवशी, ९ मे रोजी, पोप लिओ चौदावे यांना सर्व प्रमुखांनी तात्पुरते काम पुढे चालवावे असे सांगावे लागले ते यामुळेच. ‘नोकरशाही’ या शब्दाने कुरियाचे वर्णन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडची नोकरशाही सरकार बदलले तरी जागेवर राहते.

२३ जून २०२५

उरलेले दोन अर्थ. प्रत्येक धर्मप्रांतात बिशपांना कारभारात साहाय्य करणाऱ्या कार्यालयांनाही संहिता ‘कुरिया’च म्हणते; तिला ‘धर्मप्रांतीय कुरिया’ म्हणावे. लिजन ऑफ मेरी ही १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेली श्रद्धावंतांची संघटना. तिच्या स्थानिक गटांवरची सभाही कुरिया. नियम एकच केला : ‘रोमन’ हे विशेषण कधीही गाळू नये.

नगरराज्याचा कारभार कुरियात मोडत नाही, हे दाखवायला याच वर्षाचे उदाहरण हाताशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला एका विभागाच्या प्रमुख झाल्या. मार्चमध्ये सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी नगरराज्याच्या प्रशासनाच्या अध्यक्ष झाल्या. पहिली नेमणूक कुरियातली आणि दुसरी नगरराज्यातली. दोन्हींना ‘व्हॅटिकनमध्ये महिलेची नियुक्ती’ असे एकच शीर्षक दिले, तर पहिलीकडे जगभरच्या धर्मभगिनींचे आणि व्रतस्थांचे प्रश्न जातात आणि दुसरीकडे ४४ हेक्टरांचा कारभार, हा फरकच हरवतो.

१ जुलै २०२५

आज वापराची उदाहरणे निवडली. कोशातले उदाहरण इथल्या मातीतले असेल तर संज्ञा वाचकाच्या हाती लागते, आणि या संज्ञांसाठी गोवा आणि मुंबई यांच्या इतिहासासारखे उदाहरण सापडणार नाही, कारण इथे ‘चर्चचा कारभार कोणाचा’ हा प्रश्न तीन शतके प्रत्यक्ष लढवला गेला.

गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये झाला. तेव्हा पोपनीच पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’, म्हणजे आश्रयदातृत्व, दिलेले होते : राजाने चर्चचा खर्च उचलायचा आणि त्याबदल्यात बिशपांची नावे सुचवायची. म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचा रोजचा कारभार पवित्र पीठाने आपणहून दुसऱ्याच्या हाती दिला होता. पुढे पोर्तुगालची शक्ती ओसरली, आणि १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी कुरियात ‘प्रोपागांदा फिदे’ ही स्वतंत्र समिती स्थापली. तिने दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो या गोमंतकीय धर्मगुरूंना १६३७ मध्ये आदिलशाही मुलखासाठी पोपचे प्रतिनिधी बिशप नेमले. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. एकाच श्रद्धेचे, एकाच पोपना मानणारे हे दोन पक्ष. भांडण सिद्धांताचे नव्हते, कारभाराचे होते. ‘पोपशाही’ हा शब्द इथे काहीच उलगडत नाही. ‘पवित्र पीठ’, ‘रोमन कुरिया’ आणि ‘पाद्रोआदो’ हे तीन शब्द मांडले की सारे चित्र दिसते.

मुंबईत हा वाद घराघरात गेला. १७२० मध्ये इंग्रजांनी बेटावरच्या पोर्तुगीज धर्मगुरूंना काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना आणले, आणि १७९४ मध्ये चर्चेस दोन्ही पक्षांत वाटून दिली. एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे नांदू लागली. पवित्र पीठ आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारात गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेकडील पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली, तरी मुंबईची दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत संपली नाही. तेव्हाही तोडगा असा निघाला, की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत. हे बंधन १९५० मध्ये सुटले, त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशिअस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. आणि ज्या ‘प्रोपागांदा फिदे’ समितीच्या नावाने मुंबईत शतकाहून अधिक काळ पक्ष पडले होते, तिचेच प्रमुखपद आधी मुंबईचे आर्चबिशप राहिलेले कार्डिनल आयव्हन डायस यांनी २००६ ते २०११ या काळात रोममध्ये सांभाळले. ही ओळ लिहिताना मी बराच वेळ थांबलो होतो.

१० जुलै २०२५

नोंदींचा अंतिम मजकूर असा ठेवला आहे.

पोपपद : रोमच्या बिशपांचे, आणि म्हणून कॅथलिक चर्चच्या प्रमुखाचे पद. एका पोपच्या कार्यकाळाला ‘कारकीर्द’ म्हणावे. उदा. ‘फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत कुरियाची पुनर्रचना झाली.’

पवित्र पीठ : पोप आणि त्यांच्या नावाने कारभार करणाऱ्या संस्था मिळून होणारे अधिकारपीठ, आंतरराष्ट्रीय व्यवहारात राजदूत पाठवते ते हेच. उदा. ‘भारताचे पवित्र पीठाशी १९४८ पासून राजनैतिक संबंध आहेत.’ ‘होली सी’ हे रूपही चालेल. ‘व्हॅटिकन’ हा शब्द नगरराज्यापुरता राखावा.

रोमन कुरिया : राज्यसचिवालय, विभाग, न्यायासने इत्यादींची मिळून होणारी, पोपना साहाय्य करणारी यंत्रणा. धर्मप्रांतीय कुरिया निराळी.

पोपशाही : (टीकात्मक) पोपच्या सत्तेचा विरोधकांनी केलेला उल्लेख, इतिहासात, १८७० पूर्वीच्या पोपच्या राज्याची राजवट.

मजकूर वसईला वाचायला पाठवला. बाईंनी एकच दुरुस्ती सुचवली : पहिल्या नोंदीत ‘परमगुरुस्वामी’ हा शब्द समाजातला आदरवाचक पर्याय म्हणून घालावा. तो घातला आणि नोंदी छपाईच्या प्रतीत चढवल्या.